मांडी, झोळी आणि बाळगाडी

इतिहासाच्या पुस्तकांत वाहनांची वर्णने पुष्कळ येतात. राजांचे रथ येतात, सरदारांच्या पालख्या येतात, तोफांचे गाडे येतात, आगगाडीही येते. परंतु माणूस जन्माला आल्यावर ज्या पहिल्या वाहनात बसतो, त्याची चौकशी इतिहासकार सहसा करीत नाहीत. कारण उघड आहे. त्या वाहनातला प्रवासी बोलत नाही, आणि ते वाहून नेणारी बाई दरबारात बसत नाही. आम्ही हयात हमाल, जिनिंगमधले कामगार आणि ऊसतोडणीच्या टोळ्या यांच्यात घालविली. कोणाचे ओझे कोण वाहतो आणि ते कसे वाहतो हा आमचा रोजचाच विषय. म्हणून या वर्षी आम्ही बोलण्यासाठी जगातले सर्वांत हलके, पण सर्वांत मोलाचे ओझे निवडले आहे. ते म्हणजे तान्हे मूल.

या विषयाला निमित्तही आहे. आपल्या जवळा बाजारची पोरे आज पुण्यामुंबईत नोकरीला आहेत. त्यांच्या घरी पाळणा हलला की दुकानात जाऊन 'ट्रॅव्हल सिस्टीम' नावाचे एक साधन आणतात. श्रोत्यांपैकी ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाकांचा एक सांगाडा असतो. त्यावर कधी बाळाला निजवायची परडी बसते, कधी बसवायची बैठक बसते. आणि जी बैठक गाडीवर बसते तीच उचलून मोटारीच्या आसनावर पट्ट्याने वा आकड्यांनी घट्ट बसविता येते. म्हणजे घरातून निघालेले मूल झोपमोड न होता मोटारीत आणि मोटारीतून पुन्हा रस्त्यावर येते. किंमत हजारांत असते. सुटीत असे साधन गावी आले की म्हातारी माणसे म्हणतात, "आम्ही काय मांडीवर नाही वाढवली पोरं?" तरुण म्हणतात, "कायदा आहे." दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, परंतु दोघांनाही या वस्तूचा इतिहास ठाऊक नसतो. तो ठाऊक असेल तर निवड सोपी होते, असे आमचे म्हणणे आहे.

हा इतिहास वाचताना एकच प्रश्न हाताशी ठेवावा: हे साधन कोणाच्या सोयीसाठी तयार झाले?

प्रथम आपल्याकडचे पाहू. आपल्या कथांत पहिला प्रवासी तान्हा म्हणजे कृष्ण, आणि त्याचे वाहन वसुदेवाच्या डोक्यावरची टोपली. पुराणातली गोष्ट सोडली तरी टोपली हे खरोखरच आपल्या शेतकऱ्याचे जुने वाहन आहे. एका टोपलीत भाकरी, दुसरीत मूल, असे बाई शेतावर जात आली आहे. धनगरांचा वाडा हलतो तेव्हा घोड्याच्या पाठीवरच्या बोज्यात लहान मूल आणि नवे कोकरू शेजारी शेजारी जातात. आणि शेतात पोचल्यावर झोळी आलीच. जुन्या लुगड्याचा पदर बाभळीच्या किंवा लिंबाच्या फांदीला बांधला की पाळणा तयार. झोळीला आम्ही अडाणी साधन मानीत नाही. ती बांधणाऱ्या बाईने पुष्कळ विचार केलेला असतो. जमिनीवर मुंग्या, विंचू, साप. म्हणून मूल अधांतरी हवे. ऊन फिरते, म्हणून सावलीचा अंदाज हवा. वारा लागला पाहिजे, आणि पात धरून खुरपताना रडणे कानावर आले पाहिजे. पैसा लागत नाही, आणि घडी केली की झोळी पुन्हा कमरेला येते. एवढ्या अटी पुऱ्या करणारे दुसरे साधन अजून निघालेले नाही.

मात्र झोळीची एक मर्यादा आहे. ती स्थिर ठिकाणासाठी आहे. बैल चालतो त्या वेगापर्यंत ती चालते. वेग वाढला की झोळी आणि मांडी दोन्ही हरतात. हे कसे ते पुढे पाहू.

दुसरी गोष्ट अशी की झोळी बाळाला जागा देते, राखण देत नाही. रायगडाच्या हिरकणीची दंतकथा आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून ती अवघड कड्यावरून उतरून गेली. आपण तिच्या धैर्याचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु कामगार चळवळीतला माणूस ही कथा ऐकतो तेव्हा त्याच्या मनात दुसरा प्रश्न येतो. कामावर आलेल्या बाईचे मूल गडावर आणता येईल अशी सोय का नव्हती? हा प्रश्न पुढे मुंबईच्या गिरण्यांत फार कठोर रूपाने उभा राहिला.

तिकडे जाण्यापूर्वी बाळगाडीचा जन्म पाहून घेऊ. इंग्लंडात १७३३ साली विल्यम केंट नावाच्या रचनाकाराने डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक लहान गाडी केली. आकार शिंपल्यासारखा, आणि ती ओढायला लहानसे जनावर जुंपायचे. ही बाळगाडीची पहिली नोंद म्हणून सांगितली जाते. ती कोणाच्या सोयीसाठी होती? कोणाच्याच नाही. ती बागेत मिरविण्याची वस्तू होती; ड्यूकच्या मुलांना उचलायला नोकरांची वाण नव्हती. पुढे एकोणिसाव्या शतकात ओढण्याऐवजी मागून ढकलायची मूठ आली, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात ही गाडी श्रीमंतांच्या घरोघर गेली. हिंदुस्थानात ती साहेबाबरोबर आली. बंगल्याच्या आवारात, छावणीच्या सडकेवर, मुंबईच्या मलबार टेकडीवर आया ती ढकलीत असे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जी आया साहेबाचे मूल गाडीतून फिरवी, तिचे स्वतःचे मूल त्या वेळी घरी आजीच्या मांडीवर नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर असे. एकाच शहरात, एकाच वेळी, एकाच बाईच्या हातून बाळाच्या वाहनाचे दोन इतिहास चालू होते.

बाळगाडी बाळाच्या दृष्टीने सुधारली ती हळूहळू. १८८९ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने अशी गाडी पेटंट करून घेतली की तिची परडी फिरवून मुलाचे तोंड ढकलणाऱ्याकडे करता येई. गोष्ट दिसायला लहान, पण अर्थ मोठा. तोवर मूल जगाला दाखवायचे होते. आता मूल आईला पाहू लागले. आजच्या ट्रॅव्हल सिस्टीममध्ये बैठक दोन्ही दिशांना बसविता येते, तिचे मूळ येथे आहे.

दुसरी सुधारणा १९६५ सालची. ओवेन मॅक्लारन हा विमानशास्त्राचा अभियंता; दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या उतरण्याच्या चाकांच्या रचनेवर त्याने काम केले होते. त्याची मुलगी नातीला घेऊन विमानाने आली तेव्हा जड बाळगाडीने तिचे काय हाल होतात ते त्याने पाहिले, आणि छत्रीसारखी मिटणारी, अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोच्या आत वजनाची गाडी केली. युद्धाच्या यंत्राचे ज्ञान आईच्या हातातले ओझे कमी करण्यास लागले, असा योग इतिहासात क्वचित येतो. आया नसलेल्या, एका हाताने मूल आणि एका हाताने पिशवी सांभाळणाऱ्या बाईसाठी झालेली ही पहिली गाडी म्हणता येईल.

आता मोटारीकडे वळू. मोटारीत मुलाची बैठक प्रथम १९३०च्या सुमारास निघाली. पण ती कशासाठी? मुलाला खिडकीबाहेर दिसावे आणि ते गाडीभर फिरून चालवणाऱ्याला त्रास देऊ नये यासाठी. आसनाच्या पाठीला आकड्याने अडकवलेली ती एक पिशवीवजा खुर्ची. अपघात झाला तर ती मुलासकट उडून जाई. म्हणजे येथेही प्रथम सोय पाहिली ती मोठ्या माणसाची. मुलाचा जीव वाचावा हा हेतू धरून बैठक बनविण्याचे श्रेय इंग्लंडातील जीन एम्स आणि अमेरिकेतील लेनर्ड रिव्हकिन यांना देतात; साल १९६२. त्याच दशकात स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी मागे तोंड करून बसविण्याच्या बैठकीचा पुरस्कार केला. अंतराळवीरांना उड्डाणाच्या वेळी पाठीवर भार येईल अशा रीतीने बसवितात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली.

मागे तोंड का, हे समजले की अर्धी निवड झाली म्हणून समजा. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढे असते, आणि मान कोवळी असते. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्याने थांबते, पण जड डोके पुढे फेकले जाते आणि सगळा हिसका मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोके, मान, पाठ ही सगळी बैठकीच्या पाठीत एकदम दाबली जातात आणि भार वाटला जातो. ओझे वाटले म्हणजे हलके होते, हे हमालाला सांगावे लागत नाही.

आणि मांडीचे काय? येथे थोडा हिशेब करू. मोटार ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जात आहे, आणि समोरच्या ट्रकवर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. त्या क्षणी आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे चौदापट जोर येतो. दहा किलोचे मूल त्या क्षणी एकशे चाळीस किलोचे होते. आपल्या बाजार समितीच्या आवारात पन्नास किलोची पोती पाठीवर वाहणारे पुष्कळ हमाल आहेत. त्यांतल्या सर्वांत धट्ट्याकट्ट्या गड्याला विचारा, की धावत्या गाडीतून फेकलेली तीन पोती तू बसल्या जागी, हाताच्या मिठीत झेलशील काय? तो हसेल. मग ते काम आपण बाळंतिणीच्या हाताला कसे सांगतो? आईची माया कमी पडत नाही, हाताचे बळ कमी पडते. शिवाय आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर तिचा भारही मुलावरच येतो.

येथे आम्हाला कारखान्यांच्या इतिहासाची आठवण होते. यंत्राच्या फिरत्या चाकात हात जाऊन कामगार लुळा होई, तेव्हा मालक म्हणत, कामगाराने सांभाळून राहावे. इंग्लंडात १८४४ साली कायद्याने यंत्राला कठडा घालणे भाग पाडले. आपल्याकडे १९४८च्या फॅक्टरी कायद्याने यंत्राच्या धोक्याच्या भागांना आच्छादन बंधनकारक केले. सांभाळून राहणे चांगलेच, पण थकलेला माणूस चुकतो हे गृहीत धरून कठडा घालावा लागतो. मोटारीतल्या बाळाची बैठक हा तसलाच कठडा आहे. आणि 'आईने घट्ट धरावे' हे म्हणणे त्या जुन्या मालकांच्याच जातीचे आहे.

हे म्हणणे किती चिवट आहे याचा दाखला अमेरिकेत मिळतो. टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञाने खटपट करून मुलांच्या बैठकीचा कायदा करविला. १ जानेवारी १९७८ पासून त्याचा अंमल सुरू झाला, आणि तो त्या देशातला असा पहिला कायदा. परंतु विधिमंडळाने त्यात एक पळवाट ठेवली: मोठ्या माणसाने मूल हातात धरले असेल तर चालेल! मांडीवरचे मूल मोठ्या माणसाच्या आणि मोटारीच्या मध्ये चिरडले जाते हे डॉक्टर सांगत राहिले, आणि १९८१ साली ती पळवाट काढून टाकावी लागली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे झाले. स्वीडनची गोष्टही सांगण्यासारखी आहे. तेथील व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन याने १९५९ साली आजचा तीन टोकांचा पट्टा काढला, आणि कंपनीने ते पेटंट साऱ्या जगाला खुले ठेवले. जीव वाचविणाऱ्या युक्तीवर कोणाची मक्तेदारी नसावी, हे त्यामुळे कृतीने दिसले.

आपल्या देशात मोटार वाहन कायद्याची दुरुस्ती २०१९ साली झाली. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या बैठकीने सुरक्षित केलेले नसेल तर चालकास एक हजार रुपये दंड तीत सांगितला. २०२२ साली दुचाकीसाठीही नियम निघाले: चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांवरील मुलाला त्याच्या मापाचे शिरस्त्राण, आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत. हे नियम पुस्तकात आहेत. औंढ्याच्या यात्रेला जाणाऱ्या मोटारसायकलीवर टाकीपुढे एक, मध्ये एक आणि आईच्या कडेवर एक अशी तीन मुले आपण पाहतो, तेव्हा पुस्तक आणि रस्ता यांतले अंतर ध्यानात येते.

मग निवड करावी कशी? आम्ही दुकानदार नव्हे. पण ज्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून ते अवजार पारखून घ्यावे, ही कामगाराची सवय आम्हाला आहे. त्या सवयीने काही गोष्टी सांगतो.

पहिली पारख रस्त्याची. बाळगाडी ही मुळात फरसबंद वाटेची वस्तू आहे. पुण्याच्या सोसायटीत फिरणारी लहान चाके आपल्या खडीच्या वाटेवर किंवा पावसाळ्यातल्या काळ्या चिखलात अडकतात. मूल गावी वाढणार असेल तर मोठ्या चाकांची गाडी घ्यावी, नाहीतर गाडीचा खर्च वाचवून तो पैसा मोटारीतल्या बैठकीवर घालावा. दोहोंपैकी एकच परवडत असेल तर बैठक घ्यावी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. गाडीचे काम कडेवर घेऊन भागते. बैठकीचे काम कशानेही भागत नाही.

दुसरी पारख मुलाच्या मापाची. पहिले काही महिने बाळाला सपाट निजता आले पाहिजे, म्हणून गाडीत परडी हवी. मोटारीची बैठक ही प्रवासापुरती आहे. घरी आल्यावर झोपलेले मूल तासन्‌तास तीतच ठेवू नये, कारण हनुवटी छातीला टेकून श्वासाला अडथळा येऊ शकतो. बैठक वजनाच्या आणि उंचीच्या मापाने घ्यावी, 'पुढे होईल' म्हणून मोठी घेऊ नये. मागे तोंड करून निदान पंधरा महिन्यांपर्यंत बसवावे, असे युरोपातला २०१३पासूनचा आर १२९ हा नियम सांगतो. त्यानंतरही जितके दिवस मापात बसेल तितके दिवस तसेच बसविणे चांगले. बैठकीवर त्या नियमाची किंवा आपल्याकडील एआयएस ०७२ या मानकाची खूण पाहावी.

तिसरी पारख बसविण्याची. विकत घेण्यापूर्वी बैठक आपल्याच मोटारीत बसवून पाहावी. मोटारीला आयसोफिक्सचे आकडे असतील तर काम सोपे. नसतील तर पट्टा पुरेसा लांब आहे की नाही ते पाहावे. बसविल्यावर ती हाताने हलवली तर जागची सरकता कामा नये. पुढच्या आसनासमोर हवेची पिशवी चालू असेल तर तेथे मागे तोंडाची बैठक कधीही ठेवू नये. पिशवी फुटली तर तिचा आघात थेट बाळाच्या डोक्यामागे होतो. बाळाची जागा मागच्या आसनावर. कुंची-दुपटे पट्ट्याच्या आत कोंबू नये. आधी पट्टा अंगाशी बसवावा, मग वरून पांघरूण घालावे. आणि अपघातातून गेलेली बैठक कितीही चांगली दिसली तरी पुन्हा वापरू नये. तडा गेलेला दोर हमाल वापरीत नाही, त्यातलाच हा प्रकार.

इथपर्यंत ज्याच्याकडे मोटार आहे त्याची निवड झाली. परंतु आमच्या संघटनेत येणाऱ्या बायांपैकी बहुतेकींपुढे निवड नावाची गोष्टच नसते. म्हणून गिरणीचा इतिहास सांगणे भाग आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो बाया काम करीत. तान्ह्याला कोठे ठेवायचे? सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी १९२२च्या सुमारास चौकशी केली, तेव्हा मुलाला अफूची गोळी देऊन दिवसभर निजवून ठेवण्याची चाल सर्रास आढळली. ज्या आईला पाळणा हलवायला सवड नाही तिने पाळण्याऐवजी गुंगी वापरली. हा दोष आईचा म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. परंतु ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक मांडले, ते पडले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात तशाच विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर सांगितले, १९७६ साली तो आकडा तीसवर आणला, आणि २०१७ साली बाळंतपणाच्या कायद्यात स्त्री-पुरुष मिळून पन्नास कामगार असतील तेथे पाळणाघर घातले. कायदा पुढे सरकला की हजेरीपट मागे सरकतो, हेही आम्ही पाहिले आहे. तीसाची अट असताना काम करणाऱ्या बाया चाळीस आणि पटावर नावे एकोणतीस, असा पट आम्ही हातात धरून वाचला आहे. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर मजुरांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत फिरते पाळणाघर काढले. काम जेथे जाते तेथे पाळणाघरही गेले पाहिजे, हा विचार तेथून रुजला.

आपल्या भागात तो विचार ज्याला सर्वांत जास्त लागू पडतो तो माणूस म्हणजे ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळीच्या सुमारास हिंगोली, परभणी, बीडकडून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल दोघांच्या नावावर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बोचकी, भांडी, शेळी आणि त्यांवर बाया आणि तान्ही मुले अशी शेकडो किलोमीटरची रात्रभराची वाट असते. फडावर पोचल्यावर मूल पाचटावर निजते आणि बाजूने उसाने भरलेली वाहने मागेपुढे होत असतात. पुण्याच्या रस्त्यावर मोटारीतल्या मुलाला पट्टा नसेल तर हजाराचा दंड सांगणारे आपण, ट्रॉलीवरच्या या मुलाकडे पाहून काय सांगणार? टोळीला नेणे-आणणे हे काम आहे, आणि कामाच्या साधनाची जबाबदारी काम देणाऱ्याची असते. कराराच्या वेळी उचलीबरोबर बसण्याच्या आसनांच्या गाडीची आणि फडावर पाळणाघराची अट लिहून घ्यावी, ही मागणी आम्ही करीत आलो आहोत, आणि या व्यासपीठावरूनही करतो.

आणखी दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. बाळाचा पहिला प्रवास दवाखान्यातून घरी असतो. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणीस घरी पोचविण्याचे वाहन मोफत केले. म्हणजे बाळाच्या पहिल्या प्रवासाची जबाबदारी समाजाने तत्त्वतः पत्करली आहे. मग त्या वाहनात बाळाची एक बैठक का असू नये? एसटीने आपल्या निमआराम गाडीला हिरकणीचे नाव दिले, स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष काढले. नाव दिले ते चांगले झाले. आता त्या नावाचे मोलही पुरे करावे.

दुसरी गोष्ट आम्हा गावकऱ्यांची. तान्ह्याची बैठक जेमतेम सव्वा-दीड वर्ष उपयोगी पडते, मग माळ्यावर धूळ खाते. लग्नाची भांडी जशी प्रत्येकाने विकत घेतली नाहीत, गावाने मिळून घेतली आणि ज्याच्या घरी कार्य त्याने नेली, तशाच चार बैठका गावाने का घेऊ नयेत? अमेरिकेत कायदा आला त्या काळात दवाखान्यांनी आणि संस्थांनी बैठका उसन्या देण्याची सोय केली होती. आपल्याकडे एखाद्या मंडळाने वा पतसंस्थेने हे काम घ्यावे, बैठक कोणाकडे होती आणि तिला कधी धक्का बसला काय याची वही ठेवावी, आणि ज्याला हवी त्याला ती कशी बसवायची हे दाखवून द्यावी. या कामाला पैशापेक्षा वही नीट ठेवणारा माणूस जास्त लागेल, आणि तसा माणूस जवळा बाजारात मिळणार नाही असे आम्हाला वाटत नाही.

ड्यूकच्या बागेतला शिंपला, साहेबाच्या आयेने ढकललेली गाडी, चालकाला त्रास नको म्हणून टांगलेली पिशवी, गिरणीतल्या आईची अफूची गोळी, ही सगळी मोठ्यांच्या सोयीची किंवा मोठ्यांच्या अडचणीची साधने. बाळाच्या मानेवर किती भार येतो हे मोजून साधन करणे माणसाला गेल्या साठ-सत्तर वर्षांतच सुचले. ज्ञान आता झाले आहे आणि कायदाही झाला आहे. राहिले आहे ते वाटप. मोटारीतल्या मुलाने मागे तोंड करून सुखाने झोपावे. पण ते ज्या बाजूला पाहत असते त्याच बाजूने, त्याच रस्त्यावर, उसाच्या टोळीची ट्रॉली येत असते. तीवरच्या मुलाचे वजनही तेवढेच आहे आणि हिशेबही तोच आहे.